खांबांमधली जागा

बेळगाव सोडून लोंढ्याकडे वळलेली गाडी काही काळ दाट जंगलातून जाते. अळणावर मागे पडले की झाडी विरळ होऊ लागते, क्षितिज मोकळे होते आणि धारवाड येते. हे गाव दोन भूभागांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला मलनाडचा पाऊस आणि तांबडी माती, पूर्वेला मैदानी मुलूख, काळी जमीन आणि कापूस. मराठी वाचकाला धारवाड ठाऊक असते ते पेढ्यांमुळे, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यामुळे आणि जी. ए. कुलकर्णींमुळे. जी. एं.नी आयुष्याचा मोठा काळ इथे काढला, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत धारवाड आणि हुबळी मुंबई राज्यात होती, आणि आजही इथल्या बाजारात मराठी बोलणाऱ्याला फारसे अडत नाही.

दगडातले काम पाहायला मात्र कोणी इथे मुक्काम करत नाही. बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी या वाटांवरचे प्रवासी हुबळीत गाडी बदलतात आणि पुढे जातात. या वेळचा पाहुणा मुद्दाम इथेच उतरला होता, आणि त्याच्या डोक्यात एक प्रश्न होता. शिल्प नेमके कुठे संपते आणि ते ज्या जागेत उभे आहे ती जागा कुठून सुरू होते?

हा प्रश्न १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या काही तरुण, ‘मिनिमलिस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकारांनी फार जोरकसपणे विचारला. १९६४ मध्ये रॉबर्ट मॉरिसने ग्रीन गॅलरीत प्लायवुडचे राखाडी रंगवलेले मोठे ठोकळे मांडले. एक कोपऱ्यात टेकवलेला, एक छताखाली टांगलेला, एक जमिनीवर आडवा. त्यांत ना कोरीव काम होते, ना कथा, ना चेहरा. पाहणाऱ्याला ठोकळ्यात काही सापडेना, म्हणून त्याचे लक्ष ठोकळ्याभोवतीच्या खोलीकडे, तिथल्या उजेडाकडे आणि शेवटी स्वतःच्या चालण्याकडे गेले. मॉरिसला तेच हवे होते. १९६६ मध्ये कार्ल आंद्रेने १२० भट्टीच्या विटा दोन थरांत जमिनीवर रचल्या आणि त्यालाच शिल्प म्हटले. ती रचना लंडनच्या टेट संग्रहालयाने १९७२ मध्ये विकत घेतली आणि चार वर्षांनी ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यावर रान उठवले. लोकांना राग आला तो विटांचा. आंद्रेने तर गॅलरीच्या जमिनीलाच हात घातला होता: जमिनीवर उभे राहणारे शिल्प त्याने जमिनीलगत निजवले आणि पाहणाऱ्याला खाली बघायला लावले.

या शिल्पांना पांढऱ्या भिंतींची, मोकळ्या फरशीची, एकसारख्या उजेडाची खोली लागते. ब्रायन ओडोहर्टी या कलावंत-समीक्षकाने १९७६ च्या लेखमालेत या पांढऱ्या खोलीचीच चिकित्सा केली आणि तिच्या निर्विकारपणातही केवढा अधिकार दडलेला असतो ते दाखवले. धारवाडात अशी पांढरी खोली शोधण्यात अर्थ नाही. इथे दगडाला जागा देण्याची दुसरी, जवळजवळ हजार वर्षांची रीत आहे.

धारवाड: जागेपासून तुटलेले दगड

कर्नाटक विद्यापीठाच्या टेकडीवरील आवारात कन्नड संशोधन संस्था आहे. १९३९ मध्ये, मुंबई सरकारच्या काळात, ती सुरू झाली. शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते जमवणे हे तिचे काम आणि त्या कामातूनच तिचे संग्रहालय उभे राहिले. जिल्ह्याजिल्ह्यांतून आणलेल्या मूर्ती, वीरगळ आणि लेख कोरलेल्या शिळा तिथे आहेत.

वीरगळ महाराष्ट्रातही गावोगाव दिसतात, त्यामुळे त्यांची भाषा मराठी माणसाला लगेच कळते. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत पिंडीसमोर हात जोडलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पण वीरगळ गावाच्या वेशीवर किंवा देवळासमोर उभा केलेला असतो. त्याच्यामागे आकाश असते, पायाशी माती असते, आणि तो माणूस ज्या वाटेवर पडला ती वाट कधी कधी समोरच असते. छताखाली रांगेत मांडल्यावर कोरीव काम जसेच्या तसे राहते, अभ्यासकाला ते नीट न्याहाळता येते, पाऊस आणि चोर यांपासून दगड वाचतो. संस्थेचे हे ऋण मोठे आहे. तरीही दगडाची उंची इथे कळत नाही. उघड्यावर छातीएवढा असलेला वीरगळ माणसासमोर माणसासारखा उभा राहतो. रांगेत तो एक नमुना होतो.

टोनी स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराने १९६२ मध्ये सहा फूट बाजूचा पोलादी घन करवून घेतला, तेव्हा त्याने याच मापाचा विचार केला होता. याहून मोठा घन स्मारक झाला असता, याहून लहान असता तर नुसती वस्तू झाली असती. वीरगळ घडवणाऱ्या पाथरवटांना हे माप हातातून ठाऊक होते.

धारवाडचे नाव दगडांच्या जगात आणखी एका कारणाने गाजलेले आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात या भागातल्या प्राचीन शिस्ट खडकांच्या समूहाला धारवाडचेच नाव दिले, आणि जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही तसेच आहे. हे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांतच हिरवट-काळसर, बारीक पोताचा, हाताला गुळगुळीत लागणारा क्लोराइट शिस्ट मिळतो. नखाने ओरखडा उठावा इतके त्याचे काही प्रकार मऊ असतात. या प्रवासात पुढे जे जे दिसले, ते या खडकाशिवाय घडलेच नसते.

उणकल: चार दारांचे देऊळ

धारवाड आणि हुबळी यांच्यामध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि १९६२ पासून दोन्ही गावांची महापालिका एकच आहे. हुबळीच्या तोंडाशी उणकलचे तळे लागते. तळ्यावर संध्याकाळी गर्दी असते. तिथून थोड्या अंतरावर, घरांच्या दाटीत, चंद्रमौळेश्वराचे देऊळ आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातले हे काम. पाहुण्याला पहिला धक्का बसला तो इथे. देवळाला समोर आणि मागे असे काही नाहीच. ते चारी दिशांना उघडते. आत चतुर्मुख लिंग आहे, आणि दारांच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळ्या आहेत. माणूस आत उभा राहिला की उजेड एका दिशेने येत नाही. सकाळी पूर्वेचे दार बोलते, दुपार कलली की पश्चिमेचे. जाळीतून आलेले कवडसे खांबांवरून सरकतात. गाभाऱ्याकडे पाहायची एकच योग्य जागा कुठली, असे विचारायची सोयच या आराखड्याने ठेवलेली नाही. भोवती फिरावे लागते, आणि फिरताना दर चार पावलांनी आतले चित्र बदलते.

त्याच चळवळीतल्या डोनल्ड जड या शिल्पकाराने टेक्सासमधल्या मार्फा गावी १९८२ ते १९८६ या काळात ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. बाहेरून सगळ्या एका मापाच्या, आतली विभागणी प्रत्येकीची वेगळी. त्या ठेवल्या होत्या लष्कराच्या दोन जुन्या तोफशाळांत. जडने तिथली मोठी दारे काढून काचेच्या खिडक्या बसवल्या. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्या पेट्या कधी चांदीसारख्या चमकतात, कधी पारदर्शक वाटतात, कधी बाहेरच्या गवताचा रंग घेतात. शिल्पाआधी त्याने उजेडाची तजवीज केली. उणकलच्या स्थपतीनेही तेच केले होते.

फरक आहे तो भोवतीच्या जागेत. मार्फाला मैलोन्‌मैल माळरान आहे. उणकलला घरांच्या भिंती देवळाच्या अंगावर येतात. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंसाठी २०१० च्या दुरुस्तीने कायदा स्पष्ट केला: वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय नाही. मोकळ्या जागेला इतक्या नेमक्या मापात बांधणारा कायदा विरळाच. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कुटुंबांना त्याच कायद्यामुळे घराची एक भिंतही सहज वाढवता येत नाही, हेही खरे. देऊळ चार दिशांना उघडावे म्हणून बांधले, आणि आज चारही दिशांना डोळा लगेच भिंतीवर आदळतो. इथल्या लोकांना योग्य मोबदला देऊन, त्यांच्या संमतीने ही जागा मोकळी होणे गरजेचे आहे. नुसता दगड धुऊन-पुसून ठेवल्याने हे शिल्प पुरते वाचणार नाही, कारण त्याचा निम्मा भाग त्याच्या बाहेर आहे.

हुबळी: मापाप्रमाणे

हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे आवार आहे. संघ १९५७ चा. इथे राष्ट्रध्वज शिवले जातात, भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्रानुसार, आणि काम करणाऱ्यांत बहुतेक बायका आहेत. शिल्पाच्या शोधात निघालेल्या माणसाने इथे यावे असे वरवर काही नाही. पण पाहुणा इथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळला.

ध्वजाचे माप नऊ ठरावीक आकारांत. सर्वांत मोठा २१ फूट बाय १४ फूट, सर्वांत लहान टेबलावरचा. प्रत्येकात लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. कापडाचे वजन, सुताची संख्या, रंगाची छटा, शिवणीचे टाके, सगळे लिहून दिलेले. चक्राचे २४ आरे, दोन आऱ्यांमध्ये १५ अंश, आणि कापडाच्या दोन्ही बाजूंचे चक्र एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजे. चूक झाली की तुकडा बाद. सूत कातणारे हात, विणणारे हात, रंगवणारे आणि शिवणारे हात वेगवेगळे असतात, आणि कुणाच्याही हाताची खूण शेवटच्या वस्तूवर राहू द्यायची नसते. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली, आणि त्याचा ताण हाताने काम करणाऱ्या अशा केंद्रांवर पडला. हे काम टिकावे, असे तिथल्या शिवणाऱ्या बायकांची नजर आणि बोटे पाहिल्यावर कुणालाही मनापासून वाटेल.

जडच्या पेट्याही त्याने स्वतः ठोकल्या नाहीत. १९६४ पासून तो न्यूयॉर्कच्या पत्र्याच्या कारखान्यात माप पाठवून त्या करवून घेई. कलावंताचा हात काढून टाकला की आकार, प्रमाण आणि जागा उरतात, असे त्याचे म्हणणे. मिनिमलिस्ट चळवळीवर थंडपणाचा आरोप झाला तो यामुळेच. बेंगेरीत तोच नियम उलट दिशेने लागू पडतो. हाताची खूण पुसण्यासाठी इथे पराकोटीचे हातकौशल्य लागते.

याच राज्यात, भद्रावतीला, १९५७ मध्ये जन्मलेल्या शीला गौडा यांनी या दोन टोकांना जोडणारे काम केले आहे. २००९ च्या व्हेनिस बिएनालेत दाखवलेल्या त्यांच्या ‘बिहोल्ड’ या रचनेत गाड्यांचे पोलादी बंपर भिंतीवर टांगलेले आहेत ते माणसाच्या केसांच्या दोरांनी. दोरांची लांबी सुमारे चार किलोमीटर. दक्षिणेत दृष्ट लागू नये म्हणून गाडीच्या बंपरला केसांचा दोर बांधतात, आणि केस येतात देवाला मुंडण केलेल्या भाविकांकडून. मांडणी अगदी मोजकी आहे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली आहे, आणि तरीही त्या भिंतीसमोर उभ्या माणसाला असंख्य अनोळखी डोकी जाणवतात.

हुबळी सोडण्याआधी स्थानकावर जावे लागले, आणि तिथे आणखी एक गोष्ट पायांनी कळली. श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा एक फलाट १,५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि गोरखपूरचा १,३६६ मीटरचा विक्रम मागे पडला. त्याच्या एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक दिसत नाही, रूळ एकमेकांत मिसळतात आणि खांब बारीक होत नाहीसे होतात. वॉल्टर डी मारिया या कलावंताने १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत पितळेच्या ५०० सळया पाच रांगांत मांडल्या. प्रत्येक सळई दोन मीटरची, म्हणजे सगळ्या मिळून एक किलोमीटर. मागे जाताना दोन सळयांमधले अंतर त्याने प्रत्येक वेळी पाच मिलिमीटरने वाढवत नेले. त्यामुळे डोळ्याला ज्या आक्रसण्याची सवय असते ते होत नाही आणि खोलीची खोली कळेनाशी होते. हुबळीच्या फलाटावर अशी दुरुस्ती कुणी केलेली नाही. तिथे सामान घेऊन चालणाऱ्या माणसाला किलोमीटर पूर्ण लांबीचा भोगावा लागतो.

अण्णिगेरी: मऊ दगड, गोल खांब

हुबळीहून गदगकडे निघाले की जमीन सपाट आणि काळी होते. हा कापसाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी अमेरिकेतून आणलेले वाण या मातीत रुजवले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस मुंबईच्या बाजारात नावाजला. १९७२ मध्ये धारवाडच्याच कृषी संशोधकांनी ‘वरलक्ष्मी’ हे संकरित वाण दिले. कापसाबरोबर ज्वारी, हरभरा, मिरची. झाडे थोडी आणि आकाश मोठे, त्यामुळे देवळाचे शिखर फार दुरून नजरेत भरते.

अण्णिगेरी हे कन्नडचा आदिकवी पंप याचे गाव मानले जाते. इथले अमृतेश्वराचे देऊळ साधारण १०५० चे, आणि चालुक्यांनी वालुकाश्म सोडून क्लोराइट शिस्टमध्ये बांधलेल्या पहिल्या देवळांत त्याची गणना होते. हेन्री कझिन्सने १९२६ मध्ये या जिल्ह्यांतील चालुक्य वास्तूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या बदलाचे महत्त्व नोंदले आहे.

दगड बदलला आणि सगळेच बदलले. बदामीच्या देवळांतला वालुकाश्म दाणेदार; त्यात मोठे आकार चांगले येतात, पण बारीक धार टिकत नाही. शिस्टला पोत नसल्यासारखाच, त्यामुळे छिन्नी कुठल्याही दिशेला नेता येते. खांबाचा ठोकळा आधी चौकोनी घडवायचा, मग तो स्वतःभोवती फिरवत त्यावर हत्यार धरायचे. कातारी लाकूड कातून पलंगाचा पाय गोल करतो तसाच हा खांब कातला जाई. घंटेसारखा फुगीर भाग, त्यावर धारदार चकती, मध्ये खोल खाच, पुन्हा चकती. जवळ गेले की खांबाला वेढणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात, त्या या फिरवण्याच्या. अमृतेश्वराच्या छताला ७६ खांबांचा आधार आहे.

या खांबांवर देव नाहीत, कथा नाहीत, वेली नाहीत. भूमितीच आहे. चालुक्य कलेवर लिहिणारे बहुतेक जण बाहेरच्या भिंतीवरच्या नक्षीने दिपून जातात आणि ते बरोबरच आहे. पण पाहुण्याला वाटले की या शिल्पींची खरी झेप आतल्या खांबांत आहे. गोल खांबाला बाजू नसते. तो कुठूनही सारखा दिसतो, म्हणून तो डोळ्याला थांबवत नाही, पुढे ढकलतो. चार खांब चौकोनात उभे केले की त्यांच्यामधली मोकळी जागाच आकार घेऊ लागते. ती जागा मोजता येते, तीत शिरता येते, तिच्या मध्यभागी उभे राहिले की छताचे कोरीव कमळ नेमके डोक्यावर येते.

आणि त्या जागेच्या टोकाला पिंडी. आगमांनी लिंगाची घडण तीन भागांत सांगितली आहे: तळाचा भाग चौकोनी, तो ब्रह्म्याचा, मधला अष्टकोनी, तो विष्णूचा, वरचा गोल, तो रुद्राचा. पहिले दोन भाग शाळुंकेत आणि जमिनीत जातात. दिसतो तो फक्त गोल भाग. चौकोनातून अष्टकोन, अष्टकोनातून वर्तुळ हा सगळा प्रवास दगडात घडवायचा आणि मग त्याचा दोन तृतीयांश भाग झाकून टाकायचा, ही कल्पना थक्क करणारी आहे. गाभाऱ्याला खिडकी नसते. आतल्या भिंती कोऱ्या असतात. बाहेर इंच न्‌ इंच कोरणाऱ्या माणसांनी इथे छिन्नी खाली ठेवली, ती दमून नव्हे. समईच्या उजेडात एक गोल दगड आणि त्याभोवतीचा अंधार, एवढेच त्यांना हवे होते.

लक्कुंडी: मंडपातली रंगशिळा

गदगच्या पुढे बारा किलोमीटरवर लक्कुंडी. आज लहान गाव, चालुक्यकाळात मोठे शहर. टांकसाळीचे गाव म्हणून शिलालेखांत याचे नाव येते. गल्लीच्या वळणावर देऊळ, घराच्या परसात देऊळ, शेताच्या कडेला पायऱ्यांची विहीर, अशी याची आजची रचना.

१००७ मध्ये अत्तिमब्बे या जैन स्त्रीने इथे ब्रह्मजिनालय बांधवले. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्याची ख्याती आहे; छापखाना यायला तेव्हा कित्येक शतके होती. जिनालयात शिरले की जिनमूर्तीचा साधेपणा अंगावर येतो. दागिना नाही, वस्त्र नाही, हातात काही नाही. शरीराचे गुळगुळीत पृष्ठभाग आणि दोन्ही बाजू तोलून धरणारी बैठक. काळ्या दगडाला केलेली झिलई थोडासा उजेडही परत फेकते.

काशीविश्वेश्वराचे देऊळ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्याची द्वारशाखा म्हणजे पट्टीवर पट्टी, वेलीत वेल. बोट ठेवायला कोरी जागा सापडत नाही. शिवाचे मंदिर पूर्वेकडे तोंड करून आणि समोर सूर्याचे मंदिर पश्चिमेकडे तोंड करून, दोघांमध्ये उघडा चौथरा. एका देवळाच्या दारातून दुसऱ्याचे दार दिसते. मधल्या त्या उघड्या जागेनेच ही दोन देवळे जोडलेली आहेत. तिथे छत घातले असते तर दोन्हींचा संवाद तुटला असता. शेजारचे नन्नेश्वर लहान आणि पुष्कळ साधे. तिथे नक्षीचा भार नसल्यामुळे देवळाचा सांगाडा उघड वाचता येतो. आधी नन्नेश्वर पाहून मग काशीविश्वेश्वर पाहावे.

मंडपाच्या मध्यभागी, चार कातीव खांबांच्या मध्ये, चालुक्य देवळांत गोल रंगशिळा असते. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप पाहिलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल. तिथे तर तिच्या नेमके वर छतालाही गोल उघडा झरोका आहे आणि आकाशच आत उतरते. रंगशिळेवर नृत्य होई, गायन होई, आणि उरलेला वेळ ती मोकळी असे.

१९६७ मध्ये मायकेल फ्राइड या समीक्षकाने मिनिमलिस्ट शिल्पांवर कडाडून टीका केली. ही शिल्पे स्वतःत पूर्ण नाहीत, प्रेक्षक खोलीत येईपर्यंत ती वाट पाहतात, म्हणून ती शिल्पे न राहता नाटक होतात, असा त्याचा आक्षेप होता. निरीक्षण अचूक होते, दूषण मात्र पटत नाही. लक्कुंडीच्या स्थपतीने मांडणीची सुरुवातच रंगमंचापासून केली आहे. मध्ये माणसासाठी मोकळे वर्तुळ, त्याभोवती खांब, खांबांभोवती बसायला कक्षासने, एका टोकाला देव. वर्तुळात कोणी नसेल तर मंडप अपुरा दिसतो. कक्षासनावर बसून गप्पा मारणारी गावातली म्हातारी माणसे आणि खांबांभोवती शिवणापाणी खेळणारी मुले त्या दगडाला पूर्ण करतात. झिलई केलेल्या खांबावर त्यांची प्रतिबिंबे उभी ताणली जातात, चकतीशी मोडतात आणि पुढच्या फुगवट्यावर पुन्हा जुळतात.

गावातच पुरातत्त्व सर्वेक्षणाचे शिल्पसंग्रहालय आहे. धारवाडच्या संग्रहालयात जी खंत वाटली ती इथे बरीच कमी होते, कारण मूर्ती जिथून आल्या ती देवळे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मूर्ती पाहून तिचा रिकामा कोनाडा शोधायला जाता येते.

डंबळ: चोवीस कोनांचा तारा

गदगहून आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर डंबळ. १०९५ च्या शिलालेखात इथल्या बौद्ध विहाराचा आणि तारादेवीचा उल्लेख आहे, आणि त्यामागे इथले व्यापारी होते. कापूस, धान्य आणि कापड यांच्या वाटांवरचे हे गाव श्रीमंत असले पाहिजे. आता रस्ता शेतांमधून जातो आणि दोड्डबसप्पाचे देऊळ गावाच्या कडेला, मोकळ्यावर उभे आहे.

बाराव्या शतकातले हे देऊळ ज्या मोठ्या नंदीच्या नावाने ओळखले जाते तो आत बसलेला आहे. पण माणूस थबकतो तो बाहेर. गाभाऱ्याचा आराखडा चोवीस कोनांच्या अखंड ताऱ्याचा आहे. तो काढायची रीत सांगायला सोपी आहे. एक चौरस घ्यायचा आणि मध्यबिंदूभोवती पंधरा-पंधरा अंशांनी फिरवत सहा वेळा ठेवायचा. सहा चौरसांचे चोवीस कोपरे वर्तुळात उमटतात. बेंगेरीच्या चक्रातही चोवीस आरे आहेत आणि अंतरही पंधराच अंशांचे. एक खुंटी, एक दोरी आणि काटकोन यांवर हे जमिनीवर आखता येते. अवघड आहे ते पुढे: जोत्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून शिखराच्या सात थरांपर्यंत हा तारा लहान होत गेला तरी त्याचा एकही कोन गळू द्यायचा नाही.

सोल ल्यूइट हा अमेरिकन कलावंत म्हणे की नियम एकदा ठरवला की रचना त्या नियमानेच पुढे जाते. १९६६ पासून त्याने घनाच्या सगळ्या शक्यता ओळीने मांडून दाखवल्या. डंबळच्या शिल्पींनी नियम शेवटपर्यंत पाळला, आणि त्यातून जे उभे राहिले ते पाहायला एका जागी थांबून चालत नाही. कोन पुढे येतो, खाच मागे जाते, पुन्हा कोन. उन्हाच्या बाजूला प्रत्येक कोनाची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते, म्हणून भिंतीवर उभे पट्टे पडतात. दोन पावले टाकली की पट्टे सरकतात. मूर्ती कमी आहेत. छोट्या कोनाड्यांवरच्या शिखरांच्या प्रतिकृती आणि आडव्या थरांच्या रेघा एवढेच बहुतेक काम. सावली मोजून घेऊन केलेले शिल्प असे याला म्हणता येईल.

उणकलला जे हरवले आहे ते इथे शाबूत आहे. भोवती कुंपण, आत गवत, आणि चारी बाजूंना पुरेशी मोकळीक. भिंतीला चिकटून चालले तर धारदार कोन एकेक करून अंगावर येतात. दहा-बारा पावले मागे सरले की ते एकमेकांत मिसळू लागतात. आणखी मागे, कुंपणाजवळ गेले की चोवीस कोनांचा तारा जवळजवळ गोल दिसतो, अण्णिगेरीच्या कातलेल्या खांबासारखा, शाळुंकेतून वर आलेल्या पिंडीसारखा. चौरस फिरवत फिरवत वर्तुळापर्यंत जाण्याचा जो प्रवास लिंगाच्या घडणीत जमिनीखाली झाकलेला असतो, तो इथे उघड्यावर, देवळाएवढ्या मापात मांडलेला आहे, आणि तो पुरता दिसायला कुंपणापर्यंतचे ते सगळे अंतर लागते.